मुलांची डोकेदुखी : पालकांनी ठेवावयाची नोंद

लहान मुलाने डोके दुखत असल्याचे सांगितले, की तो शाळा चुकविण्याचा बहाणा समजला जातो. हा समज योग्य नव्हे. चार-पाच वर्षांच्या मुलास दुखणे शब्दांत सांगता येत नाही. ते खेळ सोडून अंधाऱ्या खोलीत पडून राहते, उलटी करते व झोपेनंतर पुन्हा हुंदडू लागते. ही लक्षणे अर्धशिशीची असू शकतात. नाव अर्धशिशी असले, तरी मुलांत पुष्कळदा संपूर्ण कपाळ दुखते. उपाशी राहणे, अपुरी झोप, ऊन व कमी पाणी पिणे यांमुळे हे दुखणे उद्भवते.

कारण उमगत नसल्यास पालकांनी दिवस, वेळ, आधीचे खाणे, झोप व दुखण्याचा कालावधी वहीत नोंदवून ती डॉक्टरांस दाखवावी. शिक्षकांनीही वर्गातील निरीक्षण पालकांस कळवावे. मुलास अ‍ॅस्पिरिन परस्पर देऊ नये. त्याने क्वचित यकृत व मेंदूस गंभीर इजा होते.

दुखण्याने झोपेतून जाग येणे, सकाळी वारंवार उलट्या, तोल जाणे, नव्याने आलेला तिरळेपणा, झटके, डोक्यास मार, किंवा तापासह मान ताठणे, यांपैकी काहीही आढळल्यास वहीत न गुंतता मुलास तत्काळ रुग्णालयात न्यावे.