पत्ता पक्का कुणाचा करावा

चंद्रपूर,
मृगाच्या तोंडावर

चि. भाच्यास,


परवा रात्री तुझा फोन आला तेव्हा मागून ताईचा आवाज ऐकू येत होता. शिष्यवृत्तीचे अर्ज भरायला आलेली पोरं ओसरीवर थांबलेली, अर्ज भरून झालेले आणि प्रिंट काही निघेना. ‘संध्याकाळी लाईन गेली, आली, आणि तेव्हापासून प्रिंटर ऑफलाइन दाखवतो,’ असं तू सांगितलंस. मी तुला प्रिंटर काढून पुन्हा जोडायला लावला आणि काम भागलं. पण ते उत्तर नव्हतं, वेळ निभावून नेली एवढंच. आता पावसाळा लागतोय. धानोऱ्यात लाईन रोज जाईल आणि रोज रात्री हाच खेळ होईल. म्हणून सगळं सविस्तर लिहितो. फोनवर ऐकलेलं दोन दिवसांत डोक्यातून जातं, कागदावरचं टिकतं.

आधी हे झालं का ते समजून घे. घरातल्या प्रत्येक यंत्राला एक आयपी पत्ता लागतो. तो वाटण्याचं काम राउटर करतो. या वाटपाच्या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात. राउटर म्हणजे एसटीचा कंडक्टर आहे असं धर. जो चढेल त्याला तो रिकामी जागा दाखवतो, पण ठरावीक मुदतीपुरतीच. मुदत संपत आली की यंत्र पुन्हा विचारतं आणि सहसा तीच जागा मिळते. लाईन गेली की मात्र गाडी रिकामी होते. साध्या घरगुती राउटरला कुणाला कुठे बसवलं होतं हे बऱ्याचदा आठवत नाही. लाईन आल्यावर सगळ्यांत आधी कोण चढतं? मोबाइल. त्यांना बॅटरी असते, ते जागेच असतात. प्रिंटर सावकाश उठतो, किंवा ताई तो सकाळी सुरू करते. तोवर त्याच्या जागेवर कुणाचा तरी फोन बसलेला असतो. प्रिंटरला दुसरा नंबर मिळतो आणि कॉम्प्युटर बिचारा जुन्या पत्त्यावरच हाका मारत राहतो. यात प्रिंटर बिघडलेला नाही, कॉम्प्युटरही नाही. फक्त पत्ता हलला.

हे पत्ते घरापुरतेच असतात हेही ध्यानात ठेव. ‘मारुतीच्या देवळाशेजारी’ हा पत्ता गावात चालतो, कारण गावात ते देऊळ एक. पण मारुतीचं देऊळ तर गावोगावी असतं. तसे १९२.१६८ ने सुरू होणारे नंबर १९९० च्या दशकापासून खाजगी वापरासाठी राखून ठेवले आहेत. तुझ्या घरी १९२.१६८.१.१० आहे तसाच तो चंद्रपुरात माझ्याही घरी आहे, आणि आपला एकमेकांना काही त्रास नाही. मूळच्या पद्धतीत जगभरात मिळून साधारण ४२९ कोटीच पत्ते होते आणि त्यांचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपला. घराघरात असे आतले नंबर वापरले नसते तर ते कधीच पुरले नसते.

आता मुख्य गोष्ट. पत्ता पक्का कुणाचा करावा? ज्याच्याकडे दुसरे येतात, त्याचा. प्रिंटरकडे कॉम्प्युटर येतो, फोनही येतात. कॅमेऱ्यांच्या डीव्हीआरकडे चित्र पाहायला फोन येतो. यांचे पत्ते पक्के हवेत. फोन, टीव्ही, पाहुण्यांचे लॅपटॉप स्वतःच दुसरीकडे जातात, त्यांना शोधत कुणी येत नाही. त्यांना कंडक्टर देईल ती जागा चालते. तुझ्या लॅपटॉपला तर हाताने नंबर भरूच नको. घरी चालेल, पण तोच लॅपटॉप गडचिरोलीला कॉलेजात नेलास की तिथल्या वायफायवर अडून बसेल, कारण तिथले नंबर वेगळे.

पत्ता पक्का करायच्या दोन रीती आहेत. एक, यंत्रातच नंबर हाताने भरणं. दुसरी, राउटरमध्ये त्या यंत्राच्या नावाने जागा राखून ठेवणं. एसटीत काही जागांवर ‘दिव्यांग’, ‘आमदार’ असं रंगवलेलं असतं ना, तशी. मी तुला दुसरी सुचवतो. कारण मग सगळा हिशेब एकाच ठिकाणी, कंडक्टरकडेच राहतो. त्यासाठी यंत्राचा मॅक पत्ता लागतो. तो कारखान्यातच कोरलेला असतो, बारा अक्षर-अंकांचा. ताडोब्यात वाघ पट्ट्यांवरून ओळखतात, कारण प्रत्येकाचे पट्टे वेगळे. मॅक म्हणजे यंत्राचे पट्टे. इथे एक फसगत होते. प्रिंटरला वायफायचा मॅक वेगळा आणि केबलचा वेगळा असतो. तू ज्या मार्गाने जोडला आहेस त्याचाच घे. प्रिंटरच्या मेनूतून नेटवर्कची माहिती छापायला सांग, कागदावर दोन्ही येतात. आणि हल्लीचे फोन, अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून, वायफायला आपला खरा मॅक दाखवतच नाहीत. फोनसाठी जागा राखायची झालीच, तर त्या वायफायपुरती ती सोय बंद करावी लागते.

आता आपल्या घरचा आराखडा लिहून घे. राउटर १९२.१६८.१.१. प्रिंटर १९२.१६८.१.१०. डीव्हीआर १९२.१६८.१.११. वाटपाची हद्द १०० ते २००. येणारेजाणारे सगळे या हद्दीत, पक्के पत्ते हद्दीच्या बाहेर. काही राउटर राखीव नंबरही हद्दीच्या आतलाच मागतात. तसं असेल तर १०० आणि १०१ दे, राखून ठेवल्यावर राउटर ते दुसऱ्याला देत नाही. पण यंत्रात हाताने भरलेला नंबर मात्र हद्दीबाहेरचाच हवा. आणि सगळ्या राउटरांचा स्वतःचा पत्ता सारखा नसतो. कुणाचा १९२.१६८.०.१, कुणाचा १९२.१६८.२९.१. तुझा कोणता ते राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या पट्टीवर पाहा आणि पहिले तीन आकडे त्याच्यासारखेच ठेव.

हद्दीवर इतका भर का देतो ते सांगतो. फार वर्षांपूर्वी एका घरी मी कॉम्प्युटरला हाताने ५ नंबर भरून आलो. राउटरची हद्द २ पासून सुरू होत होती, ती मी पाहिलीच नाही. चार महिने सगळं सुरळीत चाललं. दिवाळीत पुण्याहून मुलं-सुना आल्या, घरात आठ-दहा फोन झाले. कॉम्प्युटर बंद असताना राउटरला ५ नंबर रिकामा वाटला आणि त्याने तो एका फोनला दिला. मग कॉम्प्युटर सुरू केला की नेट कधी येई, कधी जाई. पडद्याच्या कोपऱ्यात आयपी पत्ता दोघांकडे असल्याची सूचना यायची, घरचे ती न वाचता बंद करायचे. त्यांनी केबल बदलली, ॲडॉप्टर बदलला, पैसे घातले. चूक माझी होती आणि ती त्यांना महिनाभर भोवली. तेव्हापासून हद्द पाहिल्याशिवाय मी कुठेही नंबर भरत नाही. तूही भरू नको.

नंबर पक्का झाला की कॉम्प्युटरलाही तो सांगावा लागतो, हे पुष्कळ जण विसरतात. विंडोज बरेचदा प्रिंटर आपल्याच पद्धतीने शोधून जोडतं आणि त्या पोर्टच्या नावात डब्ल्यूएसडी दिसतं. प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये पोर्ट्स उघड, स्टँडर्ड टीसीपी-आयपी पोर्ट नवा घाल आणि त्यात १९२.१६८.१.१० लिही. मग लाईन दहा वेळा गेली तरी कॉम्प्युटर बरोबर दारी जाईल.

तू मागच्या खोलीसाठी दुसरा राउटर आणणार म्हणालास. आण, पण जोडण्याआधी हे वाच. दोन्ही राउटरांचा पत्ता १९२.१६८.१.१ असू शकतो, आणि दोघेही नंबर वाटायला लागतील. एका गाडीत दोन कंडक्टर झाले की कोण कुठे बसलं हे दोघांनाही कळत नाही. म्हणून नव्या राउटरचा पत्ता आधी १९२.१६८.१.२ कर, त्याचं डीएचसीपी बंद कर, आणि पहिल्याकडून येणारी केबल त्याच्या वॅनमध्ये न घालता लॅन लिहिलेल्या भोकात घाल. मग तो फक्त वायफाय पसरवेल, कारभार पहिल्याचाच राहील.

आता बिघाड शोधायची रीत. जवळून सुरू करायचं आणि दूर जायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. ती कामी आली नाही तर पूर्ववत करून मगच पुढची.

आधी दिवे पाहा. फायबरच्या डब्यावर एलओएस लाल असेल तर बहुधा बाहेर कुठे तरी तार तुटली आहे, रस्त्याचं खोदकाम किंवा पडलेलं झाड. तिथे पत्त्यांशी खेळून उपयोग नाही, तक्रार नोंदव. दिवे ठीक असतील तर केबलची क्लिप दाबून पाहा, टक् असा आवाज यायला हवा. मग कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिग लिही. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर कॉम्प्युटरने कंडक्टरला विचारलं आणि उत्तर आलं नाही, म्हणून त्याने स्वतःच नंबर लावून घेतला. बिघाड कॉम्प्युटर ते राउटर एवढ्याच वाटेत आहे. पत्ता बरोबर असेल तर १९२.१६८.१.१ ला पिंग कर. उत्तर आलं तर घर ठीक. मग ८.८.८.८ ला पिंग कर. उत्तर आलं तर बाहेरची वाटही सहसा ठीक. तरीही संकेतस्थळ उघडत नसेल तर दोष नावांचा, म्हणजे डीएनएसचा. हाताने नंबर भरणारे आयपी, मास्क २५५.२५५.२५५.० आणि गेटवे भरतात आणि डीएनएसची जागा रिकामी सोडतात. मग पिंग चालतो आणि पान उघडत नाही.

प्रिंटरसाठी याहून सोपी परीक्षा आहे आणि ती ताईलाही करता येईल. मोबाइल घरच्या वायफायवर ठेवून ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१० टाकायचं. बहुतेक वायफाय प्रिंटरांचं स्वतःचं पान उघडतं. उघडलं तर प्रिंटर जागेवर आहे, बिघाड कॉम्प्युटरकडे शोधायचा. नाही उघडलं तर आधी प्रिंटर बंद करून सुरू करायचा.

कॅमेऱ्यांचंही विचारलं होतंस. नागपूरहून घर पाहायला ‘स्टॅटिक आयपी विकत घ्यावा लागेल’ असं तुला दुकानात सांगितलं. तो वेगळा पत्ता, बाहेरच्या जगातला, आणि त्याला दर वर्षी पैसे पडतात. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १०० पुढे ६४ ते १२७ मधला आकडा असा दिसला, तर समज की कंपनीने अनेक घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता दिला आहे आणि बाहेरून थेट तुझ्या दारी येता येणार नाही. पण त्याची गरजही नाही. डीव्हीआरच्या ॲपमधून ते जमतं. बाहेरचं दार उघडं टाकूच नको. २०१६ साली मिराई नावाच्या घातक प्रोग्रॅमने जगभरचे लाखो कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले, कारण त्यांचे कारखान्यातले पासवर्ड कुणी बदललेच नव्हते. त्याच यंत्रांच्या जोरावर ऑक्टोबरात अमेरिकेतली कित्येक मोठी संकेतस्थळं तासन् तास बंद पाडली गेली. तेव्हा डीव्हीआरचा आणि राउटरचा पासवर्ड आजच बदल.

शेवटचं सांगतो आणि ते सगळ्यांत महत्त्वाचं. तुझ्या घराजवळच मेंढा हे गाव आहे. त्या गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण बांबू गावाबाहेर न्यायचा वाहतूक परवाना देण्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं एप्रिल २०११ मध्ये. तोवर जंगल गावाचं आणि किल्ली दुसऱ्याकडे होती. तुझ्या घरातल्या जाळ्याचंही तसंच आहे. राउटर तुझा, पैसे तू भरतोस, पण त्याचा पासवर्ड जोडणीवाल्याच्या डायरीत आणि पत्ते कुणालाच ठाऊक नाहीत. तो माणूस गडचिरोलीहून यायचा. नाल्याला पूर आला की तो येत नाही, आणि चूक त्याची नसते.

म्हणून एक शंभर पानी वही घे. पहिल्या पानावर आराखडा: यंत्र, मॅक, पत्ता, कोणत्या तारखेला दिला. दुसऱ्या पानावर राउटरचा पत्ता आणि पासवर्ड, आणि ही वही अर्ज भरायला येणाऱ्यांच्या हाती लागणार नाही अशी कपाटात ठेव. तिसऱ्या पानापासून बिघाड: तारीख, काय दिसलं, काय केलं, काय लागू पडलं. पेनाने, ताईला वाचता येईल अशा अक्षरात. तू पुढच्या वर्षी शिकायला बाहेर जाशील. तेव्हा ओसरीवर पोरं थांबलेली असतील आणि तू घरी नसशील. त्या दिवशी ताईने वही उघडून प्रिंटर सुरू केला, तर तू हे काम शिकलास असं मी म्हणेन.

ताईला नमस्कार सांग. धानाचे पऱ्हे टाकून झाले की एक दिवस येईन. वही पाहीन.

तुझा,
मामा

ता. क. लाईन आली की राउटर आणि प्रिंटर एकदम सुरू करू नको. आधी राउटर, त्याचे दिवे स्थिर झाले की मग प्रिंटर. दोन मिनिटांचा धीर धर.