जलसा, देहभान आणि आमचे विद्यार्थी

स्नेहसंमेलन जवळ आले की एखादे पालक हमखास विचारतात, "गुरुजी, आपण टाकून दिलेली ढोलकी पुन्हा मुलांच्या हाती कशाला?" या प्रश्नामागे जुनी जखम आहे. गावगाड्यात वाजविणे-नाचणे हे आपल्या पूर्वजांच्या वाट्याला हुकुमाने आलेले काम होते. तेव्हा या प्रश्नाचे उत्तर नीट द्यावयास हवे.

उत्तर आपल्याच जिल्ह्याच्या इतिहासात आहे. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. त्याच काळात नाशिक जिल्ह्यातील भीमराव कर्डक यांचा जलसा गावोगाव फिरू लागला. साचा तमाशाचाच, परंतु देवाची स्तुती गेली, शृंगार गेला. मेलेली जनावरे ओढणे सोडा, मुलांना शाळेत घाला, हा विषय आला. शिकलेला तरुण जुन्या वळणाच्या गावकऱ्याशी वाद घालू लागला. कर्डकांनी १९७८ मध्ये 'आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य' या ग्रंथात हा काळ नोंदविला. (देशवंडीच्या वामनदादांविषयी या वाचकांना आम्ही काय सांगावे!) जलशाच्या शब्दांची महती सर्वच गातात, देहाविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. आमच्या मते, हुकुमाने वाकणारे शरीर तेथे हजारोंसमोर स्वेच्छेने ताठ उभे राहिले, ही त्याची मोठी कमाई होय.

हे ताठ उभे राहणे शिकविता येते. सतिपट्ठान सुत्तात चालताना, उभे राहताना, हात वाकविताना वा पसरताना त्या क्रियेचे भान ठेवावयास सांगितले आहे. म्हणून आम्ही तालमीपूर्वी ढोलकी बाजूला ठेवतो. मुले अनवाणी, सावकाश चालतात : पाऊल उचलले, पुढे नेले, टेकविले. प्रथम खूप हसतात, हसू द्यावे. आठवड्याभरात हसणे ओसरते, श्वास लांबतो, मान वर येते. मगच ताल. वर्गात नाव विचारले तरी खाली पाहणारा मुलगा संवाद म्हणताना समोरच्याच्या डोळ्यांत पाहतो, हे आम्ही अनेकदा अनुभवले आहे. ठरावीक चित्रपटगीतावर बसविलेल्या नाचातून हे घडताना आम्हांस दिसले नाही.

अष्टशीलातील सातव्या शीलाकडेही काही उपासक बोट दाखवितात. त्यात नृत्य-गीत-वादनापासून विरती आहे, हे खरे. पण ते उपोसथाचे व्रत होय, नित्याच्या पंचशीलात ते नाही. पौर्णिमेला आमची तालीम बंदच असते. शिवाय औरंगाबाद लेण्यांपैकी सातव्या लेण्याच्या गाभाऱ्यात, बुद्धमूर्तीच्या सान्निध्यात, वादक स्त्रियांच्या मेळ्यात एक नर्तकी कोरलेली आहे. सहलीला जाल तेव्हा ती अवश्य पाहावी.

जुन्या जलशांत स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करीत. यंदा शिकलेल्या तरुणाची भूमिका नववीतील मुलगी करीत आहे, आणि ढोलकीही मुलीच्याच हाती आहे.