दुखण्यावरील मलम व त्याचा सुरक्षित उपयोग

शेतांत दिवसभर वाकून काम केल्यावर कंबर किंवा गुडघे दुखूं लागले म्हणजे मलम चोळण्याचा परिपाठ पुष्कळ घरीं आहे. त्यानें आराम पडतो, हें खरें. परंतु वरून लावावयाचें औषध कितीहि लाविलें तरी अपाय होत नाहीं, ही समजूत चुकीची आहे. मलमाचा कांहीं अंश कातडींतून रक्तांत उतरतो. म्हणून ह्या विषयाचा आम्ही येथें थोडक्यांत विचार करितों.

बाजारांतील पुष्कळ मलमांत मेंथॉल, कापूर व मिथाइल सॅलिसिलेट हीं द्रव्यें असतात. ह्यांपैकीं शेवटचें ॲस्पिरिनच्या जातीचें आहे. दुसऱ्या कित्येक मलमांत डायक्लोफेनॅक असतें.

पहिली बाधा कातडीची. आग होणें, खाज सुटणें किंवा पुरळ उठणें असें घडल्यास मलम साबणानें व थंड पाण्यानें धुऊन टाकावें. मलम लाविल्यावर तेथें शेक देऊं नये व पट्टी घट्ट आवळूं नये. कारण त्यामुळें औषध अधिक वेगानें आंत शिरतें. अशा मलमांनीं कांहीं लोकांची कातडी भाजून फोड आल्याचें अमेरिकेच्या औषध-नियामक खात्यानें २०१२ सालीं जाहीर केलें.

दुसरी बाधा शरीराच्या आंतली. रक्त पातळ ठेवण्यासाठीं वॉरफरिन घेणाऱ्यानें मिथाइल सॅलिसिलेटचें मलम फार लाविल्यास रक्तस्रावाचें भय असतें. ज्यांस ॲस्पिरिननें दमा उठतो, ज्यांस जठरांत व्रण किंवा मूत्रपिंडाचा रोग आहे, त्यांनीं आणि गरोदर स्त्रियांनीं वैद्यकीय सल्ल्यावांचून अशीं मलमें वापरूं नयेत.

तिसरी बाधा लेंकरांची, व तीच सर्वांत भयंकर. कापूर पोटांत गेल्यास मुलास थोड्याच वेळांत झटके येऊं शकतात. गंधपुऱ्याचें तेल म्हणजे जवळजवळ शुद्ध मिथाइल सॅलिसिलेटच. त्याचा १ चहाचा चमचा सुमारें ७ ग्रॅम ॲस्पिरिनइतका होतो, आणि तेवढ्यानें लहान मूल दगावूं शकतें. म्हणून डबी व बाटली उंच जागीं ठेवावी. २ वर्षांखालील मुलाच्या नाकास किंवा छातीस कापराचें अथवा मेंथॉलचें मलम लावूं नये. मुलानें तें खाल्लें तर उलटी करविण्याच्या खटपटींत न पडतां त्यास तत्काळ दवाखान्यांत न्यावें व डबीहि बरोबर न्यावी.

आतां वापरण्याचे नियम सांगतों :

१. डबीवर लिहिलें असेल तितकेंच व तितक्याच वेळां लावावें.
२. जखमेवर, डोळ्यांजवळ किंवा तोंडांत लावूं नये.
३. लाविल्यावर हात धुवावे. हातच दुखत असल्यास कांहीं वेळानें धुवावे.
४. एका वेळीं दोन मलमें लावूं नयेत.
५. ७ दिवसांत गुण न आल्यास डॉक्टरांस दाखवावें.

आणखी एक गोष्ट विशेष ध्यानांत ठेवावी. छातींत कळ येऊन ती डाव्या हातांत किंवा जबड्यांत जात असेल, घाम सुटत असेल, तर मलम चोळीत बसूं नये. तें हृदयाचें दुखणें असूं शकतें, व गमाविलेली प्रत्येक घटका प्राणाशीं गांठ घालते. ज्यांस वाचतां येतें त्यांनीं हें शेजाऱ्यांस वाचून दाखवावें, अशी आमची विनंती आहे.