भरतीचे चक्र व पावसाचा आलेख

नोंदवहीतील आकडे खरे असतात. परंतु ओळीने लिहिलेले आकडे वाचून त्यांतील संबंध ध्यानी येतोच असे नाही. तेच आकडे रेषेत, स्तंभात वा नकाशात मांडले म्हणजे निरक्षर मनुष्यासही त्यांचा अर्थ उमगतो. विल्यम प्लेफेअर याने १७८६ साली व्यापाराचे आकडे रेषांनी दाखविले. १८५४ साली लंडनमध्ये डॉ. जॉन स्नो यांनी पटकीचे मृत्यू नकाशावर मांडले, तेव्हा ते ब्रॉड स्ट्रीटवरील एका पंपाभोवती दाटलेले दिसले. आलेख हे कचेरीचे भूषण नसून विचाराचे साधन आहे, हे यावरून स्पष्ट होते.

ठाणे जिल्ह्यातील मीरा-भाईंदरचा परिसर उत्तरेस वसईची खाडी व पश्चिमेस समुद्र यांनी वेढलेला आहे. भाईंदरची मिठागरे व उत्तनची मासेमारी ही भरती-ओहोटीच्या वेळेवर अवलंबून राहिलेली आहेत. खाडीकाठच्या खारजमिनीचेही तसेच आहे. बांधातील उघाडी ओहोटीस उघडते आणि शेतातील पाणी बाहेर जाते. भरतीस ती मिटते व खारे पाणी अडते. म्हणून भरतीच्या वेळी पडलेला मोठा पाऊस शेतातच तुंबतो.

किनाऱ्यावर भरतीचा एक जुना हिशेब प्रचलित आहे: तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीचा तास मिळतो. चतुर्थीस ३ वाजता, अष्टमीस ६ वाजता, द्वादशीस ९ वाजता आणि पौर्णिमा-अमावास्येस सुमारे १२ वाजता पूर्ण भरती येते. हा हिशेब दिवसा व रात्री, दोन्ही पक्षांत लागू पडतो.

या हिशेबाचे सुंदर चित्र होते. फळीवर घड्याळासारखे वर्तुळ काढावे. पौर्णिमा-अमावास्या १२ च्या जागी लिहून पुढील प्रत्येक तिथी ४८ मिनिटे पुढे मांडावी. १५ तिथींत १२ तास पुरे होतात व वर्तुळ आपोआप जुळते. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी येत असल्याने तिची वेळ नेमकी समोरच्या बाजूस सापडते. वरचा भाग गडद निळा रंगवावा, कारण पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास व नंतरच्या एक-दोन दिवसांत उधाण असते. अष्टमीकडील खालचा भाग फिका ठेवावा, तेथे भांग असते. येथे रंग शोभेसाठी नसून तोच धोका सांगतो.

हे चक्र अंदाजापुरतेच समजावे. खाडीत आत भरती उशिरा पोहोचते. नेमक्या वेळेसाठी शासकीय भरती-कोष्टक पाहावे.

चक्राशेजारी पावसाचा स्तंभालेख ठेवावा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मि.मी. पाऊस झाला, त्याच दिवशी कुलाब्यास सुमारे ७३ मि.मी. झाला. दोहोंची सरासरी काढल्यास ती दोन्ही ठिकाणांविषयी खोटे सांगेल; शेजारी उभे केलेले दोन स्तंभ मात्र खरे तेच सांगतील. म्हणून आपल्या गावचा पाऊस गावातच मोजावा.

आलेख काढताना पुढील गोष्टी पाळाव्यात :

१. स्तंभाचा पाया शून्यापासून धरावा. अन्यथा लहान फरक मोठा भासतो.
२. सर्व महिन्यांना एकच प्रमाण ठेवावे व ते आलेखावर लिहावे.
३. रंग दोन-तीनच वापरावेत आणि एका रंगाचा एकच अर्थ ठेवावा.
४. ज्या दिवशी मोजणी झाली नाही, तेथे जागा रिकामी सोडावी. शून्य लिहू नये.

ग्रामसेवकांनी ही दोन्ही चित्रे चावडीवर वा शाळेच्या भिंतीवर, सर्वांस दिसतील अशी लावावीत. जोरदार पावसाचा इशारा मिळताच त्या दिवसाची तिथी चक्रावर पाहावी. भरती व पाऊस एकाच प्रहरी येणार असे दिसल्यास उघाडीतील गाळ आदल्या ओहोटीसच काढावा, बांधाची भगदाडे बुजवावीत आणि धान्य व जनावरे उंचावर हलवावीत.