वाफसा न येणारी जमीन

पावसाने उघडीप दिली की शेतकरी शेतातील मूठभर माती उचलतो, दाबून तिचा लाडू करतो आणि खाली टाकतो. लाडू फुटला तर वाफसा आला असे समजावे; तो चपटा होऊन जमिनीला चिकटला तर औत घालायला अजून अवकाश आहे. मातीच्या मोठ्या पोकळ्यांत हवा आणि बारीक पोकळ्यांत पाणी, अशा स्थितीला वाफसा म्हणतात. पिकाच्या मुळांना पाणी लागते तसा श्वासही घ्यावा लागतो, हे या एका शब्दात सामावले आहे. मात्र नदीकाठच्या काही जमिनी अशा असतात, की त्यांना वेळेवर वाफसा येतच नाही. शेतकरी त्यांना ‘चिबड’ म्हणतात.

सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांतील कृष्णाकाठ हे याचे ठळक उदाहरण होय. सांगलीजवळ हरिपूर येथे वारणा आणि पुढे नृसिंहवाडी येथे पंचगंगा कृष्णेला मिळते. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांच्या महापुरांत या परिसरातील शेती अनेक दिवस पाण्याखाली होती. येथील काळी, कसदार माती पुरांनीच आणून टाकली आहे. जी नदी जमीन घडवते, तीच तिला अडचणीतही आणते.

पुराचे पाणी पात्राबाहेर पडताच त्याचा वेग मंदावतो. वाळूचे जड कण काठाजवळच खाली बसतात, त्यामुळे काठ थोडा उंच आणि भुसभुशीत होतो. चिकणमातीचे कण ०.००२ मिलिमीटरपेक्षाही लहान असतात. ते पाण्याबरोबर दूरवर जातात आणि सखल भागात पाणी संथ झाल्यावर हळूहळू तळाशी बसतात. म्हणूनच नदीला लागून असलेले रान लवकर वाफशावर येते आणि नदीपासून लांब असलेले सखल रान मात्र ओलेच राहते. पाण्याजवळची जमीन अधिक ओली असणार हा समज येथे खोटा ठरतो.

पाठगत प्रश्न : तुमच्या परिसरात पावसानंतर पाणी सर्वांत जास्त दिवस कोठे साचून राहते? तेथील माती हातात घेऊन पाहा आणि तिचे वर्णन चार वाक्यांत लिहा.

चिकणमातीची ही काळी जमीन उन्हाळ्यात आकसते व तिला खोल भेगा पडतात. पहिल्या पावसाचे पाणी या भेगांतून वेगाने खाली जाते. परंतु माती भिजली की ती फुगते, भेगा मिटतात आणि पाण्याची वाट बंद होते. पोकळ्या पाण्याने भरल्या की उरलेला प्राणवायू मुळे आणि सूक्ष्मजीव एकदोन दिवसांतच संपवतात. त्यानंतर काही जीवाणू प्राणवायूसाठी नत्राच्या संयुगांचे विघटन करतात आणि नत्र वायुरूपाने हवेत निघून जाते. शेतकऱ्याने पैसे मोजून घातलेले खत असे डोळ्यांदेखत नाहीसे होते. ऊस पिवळा पडतो, तेव्हा अनेकजण आणखी युरिया टाकतात; खरे तर त्या वेळी पिकाला खताची नव्हे, हवेची भूक लागलेली असते.

अशा शेतात एक मीटर खोल खड्डा घेतला, तर मातीचा इतिहास उघडा पडतो. प्राणवायू नसलेल्या थरात लोहाचे रूप बदलते आणि माती करडी, निळसर दिसते. जुन्या मुळांच्या वाटेने जेथे हवा पोचते तेथे तेच लोह गंजाप्रमाणे तांबूस होते. करड्या मातीतील हे तांबूस ठिपके म्हणजे भूजल वरखाली होत असल्याची खूण. अगदी कोरड्या दिवसांतही ही खूण पुसली जात नाही, म्हणून जमीन विकत घेणाऱ्याने उन्हाळ्यात बांधावर उभे राहून निर्णय घेऊ नये. शेतात लव्हाळा आणि पाणकणीस माजले असेल, तर खड्डा घेण्याचीही गरज उरत नाही.

निचरा न होण्याचे दुसरे फळ अधिक कडू असते. उसाला पाटाने वारंवार भरपूर पाणी दिले की भूजल वर येते. ते पृष्ठभागाजवळ आले म्हणजे दिव्याच्या वातीतून तेल चढावे, तसे पाणी मातीतून वर चढते. उन्हाने पाण्याची वाफ होते आणि त्यात विरघळलेले क्षार मागे राहतात. जमिनीवर पांढरा थर दिसू लागतो. ही क्षारपड जमीन. क्षारांतील सोडियमचे प्रमाण वाढले तर मातीचे कण सुटे होऊन पोकळ्या बुजतात. ओली असताना लोण्यासारखी आणि वाळली की दगडासारखी होणारी अशी जमीन ‘चोपण’ म्हणून ओळखली जाते. तिचा सामू सामान्यतः ८.५ हून अधिक असतो.

चोपण जमिनीला जिप्सम देतात. त्यातील कॅल्शियम सोडियमला जागेवरून हटवते, पण हटवलेला सोडियम वाहून जाण्यास वाट नसेल तर तो तेथेच राहतो. म्हणून आधी निचरा आणि मग जिप्सम, हा क्रम चुकवता येत नाही. धैंचा पेरून फुलोऱ्यापूर्वी गाडल्यास माती मोकळी होण्यास मदत होते. भातासारखे पीक आपल्या खोडातील पोकळ्यांतून मुळांना हवा पुरवते, त्यामुळे ते पाण्यात तग धरते. ऊस तसा दीर्घकाळ तग धरू शकत नाही.

निचऱ्यासाठी उघडे चर खोदतात किंवा जमिनीखाली सच्छिद्र नळ्या उताराने बसवतात. काम तंत्राचे असले तरी खरी अडचण बांधावर उभी असते. एका शेतातील पाणी ओढ्यापर्यंत न्यायचे, तर वाट शेजाऱ्याच्या शेतातून काढावी लागते. एक-दीड एकराच्या धारकाला ते एकट्याने साधत नाही. शिरोळ तालुक्यातील शेतकऱ्यांनी म्हणूनच एकत्र येऊन, सामाईक नळ्यांतून पाणी बाहेर काढून, क्षारपड शेते पुन्हा लागवडीखाली आणली आहेत. पूर असताना ओढा तुडुंब असतो, तेव्हा नळ्यांची तोंडे पाण्याखाली जातात आणि निचरा थांबतो. पाणी उतरू लागले, की ती तोंडे गाळाने बुजली आहेत का, हे सर्वांत आधी पाहावे लागते.