भंगारात गेलेली शेपटी

जुन्या स्प्रिंट कारचा सांगाडा आणि एंजिन हाती असले म्हणजे अंगावरचे पत्रे आज ना उद्या कोठून तरी मिळतीलच, हा समज जितका सार्वत्रिक तितकाच घातक आहे. अमेरिकेच्या मातीच्या धावपट्ट्यांवर १९५० च्या दशकात धावलेली जी गाडी माझ्याकडे आली, तिची मूळ शेपटी, म्हणजे चालकाच्या पाठीमागे इंधनाची टाकी झाकणारे निमुळते आवरण, पूर्वीच्या मालकाने याच समजापायी भंगारात काढली होती. आणि पुष्कळ शोधाअंती माझी गाडी घडविणाऱ्याच कारागिराच्या, त्याच काळातील दुसऱ्या गाडीची शेपटी मिळाली, तेव्हा तिचे एकही छिद्र माझ्या सांगाड्याशी जुळेना.

त्यात नवल नाही. अ‍ॅलनटाउनच्या हायरम हिलेगास यांच्यासारख्या कारागिरांच्या लहान कर्मशाळांत अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा हाताने ठोकून, त्या त्या सांगाड्यावर बसवून पाहात घडविला जाई, आणि अपघातानंतर पुढच्या शर्यतीपूर्वी जमेल तसा कापून पुन्हा जोडला जाई.

म्हणून माझी कळकळीची विनंती अशी की, पत्रा कितीही चेपलेला वा चिरलेला असो, त्याच्या जागी नवा बसेपर्यंत त्यास घराबाहेर जाऊ देऊ नये. पाव वळशाने बसणाऱ्या झूस खिळ्यांच्या छिद्रांतील अंतरे हाच त्या गाडीचा अस्सल दस्तऐवज होय. ती जाड कागदावर उतरवून तो कागद जुना पत्रा विकणाऱ्या दूरच्या विक्रेत्याकडे धाडावा, आणि त्याच्याकडील पत्र्यावर तो ठेवून काढलेले छायाचित्र आल्यावाचून पैशाची तजवीज करू नये. रंग वाळूच्या माऱ्याने उडवू नये, कारण त्याने थरांखाली दडलेला जुना शर्यत-क्रमांक तर जातोच, पण पातळ पत्राही वाकतो.

मूळ तुकडा गेलाच असेल, तर आयोवातील नॉक्सव्हिलच्या स्प्रिंट कार संग्रहालयाकडे आणि जुन्या छायाचित्रकारांच्या संग्रहांत त्या गाडीचे अगदी बाजूने घेतलेले चित्र शोधावे. चाकाचा व्यास ठाऊक असल्याने त्यावरून शेपटीची लांबी व उंची काढता येते, आणि माझी नवी शेपटी अशीच सिद्ध झाली. अशा शेपटीसाठी अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा ३००३ जातीचा, अर्धकठीण घ्यावा. ठोकता ठोकता तो ताठरला म्हणजे त्यावर अ‍ॅसिटिलीनची काजळी धरून, ती उडेपर्यंतच ज्योतीने तापवावा. त्यापुढे तापविल्यास पत्रा वितळण्याचे भय असते. आतल्या बाजूस घडविल्याचे साल ठळक कोरून घ्यावे, म्हणजे पुढे कोणा इसमास ती मूळची म्हणून विकता येणार नाही.