चिठ्ठीवरची अक्षरे



शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्यातील सह्याद्रीच्या पायथ्याचे तालुके आहेत. डोळखांब, किन्हवली, टोकावडे, धसई अशा गावांतून माणसे उपचारासाठी तालुक्याला येतात. कोणी शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात जातो, तर कोणी मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात. डॉक्टर तपासतात, केसपेपरवर औषधे लिहून देतात. रोगी गोळ्या घेऊन संध्याकाळच्या एस. टी.ने घरी परततो. मग घरात प्रश्न पडतो, "ही गोळी जेवणाआधी घ्यायची की जेवणानंतर?" डॉक्टर तर दूर राहिले! अशा वेळी केसपेपर घरातील शाळकरी मुलाच्या हाती दिला जातो.

त्यावर औषधाच्या नावापुढे बी. डी., टी. डी. एस., एस. ओ. एस. अशी अक्षरे असतात. लिपी इंग्रजी असली, तरी त्यांचा अर्थ इंग्रजीच्या पुस्तकात मिळत नाही. कारण ही लॅटिन शब्दांची आद्याक्षरे आहेत.

लॅटिन ही प्राचीन रोमची भाषा. युरोपातील विद्वान अनेक शतके याच भाषेत ग्रंथ लिहीत. त्यामुळे एका देशातील वैद्याचे लेखन दुसऱ्या देशातील वैद्याला समजत असे. वेसालिअस याने मानवी शरीररचनेवरील आपला प्रसिद्ध ग्रंथ १५४३ साली लॅटिनमध्येच प्रसिद्ध केला. पुढे एकाच अवयवाला अनेक नावे पडून गोंधळ होऊ लागला. तेव्हा १८९५ साली स्वित्झर्लंडमधील बाझल येथे शरीरशास्त्रज्ञांनी अवयवांच्या लॅटिन नावांची एक यादी मान्य केली.

या लॅटिनमध्ये तुमच्या ओळखीचाही एक शब्द दडलेला आहे. इब्न सीना यांचा 'अल-कानून फित-तिब्ब' हा अरबी ग्रंथ बाराव्या शतकात स्पेनमधील टोलेडो येथे लॅटिनमध्ये आणला गेला. त्या काळात अनेक अरबी वैद्यकग्रंथांची अशीच भाषांतरे झाली. मेंदूभोवतीच्या पडद्याला अरबी वैद्य 'उम्म' म्हणजे आई म्हणत. भाषांतर करणाऱ्यांनी त्याचा शब्दशः अनुवाद केला. म्हणून आजही डॉक्टर मेंदूच्या बाहेरच्या जाड पडद्याला 'ड्यूरा मेटर' म्हणतात. त्याचा अर्थ 'कठीण आई' असा आहे.

शरीरातील इतर नावेही अशीच सोपी आहेत. गुडघ्यावरच्या हाडाला आपण गुडघ्याची वाटी म्हणतो. त्याचे लॅटिन नाव 'पटेला', म्हणजे लहान थाळी. गळ्याजवळच्या हाडाला उर्दूत हंसली की हड्डी म्हणतात, कारण ते हंसली या दागिन्यासारखे दिसते. लॅटिन बोलणाऱ्यांना त्यात लहान किल्ली दिसली, म्हणून ते 'क्लॅव्हिकल' झाले. दंडाच्या 'बायसेप्स' या स्नायूचा अर्थ आहे 'दोन डोकी असलेला'. नावे परकी वाटली, तरी ती ठेवणारी माणसे आपल्यासारखीच नित्याच्या वस्तू पाहून नावे ठेवत होती.

आता चिठ्ठीवरची अक्षरे पाहू.

चिठ्ठीच्या सुरुवातीला आर आणि एक्स जोडल्यासारखी खूण असते. ती 'रेसिपे' या शब्दाची खूण आहे. त्याचा अर्थ 'घे'.
ओ. डी. – दररोज एकदा
बी. डी. – दिवसातून दोनदा
टी. डी. एस. – दिवसातून तीनदा
क्यू. आय. डी. – दिवसातून चार वेळा
ए. सी. – जेवणापूर्वी
पी. सी. – जेवणानंतर
एच. एस. – झोपताना
एस. ओ. एस. – गरज पडली तरच
स्टॅट – ताबडतोब

या अक्षरांमुळे डॉक्टरांचा वेळ वाचतो. पण अक्षर नीट लागले नाही, तर रोग्याच्या जिवावर बेतू शकते. समजा, तापासाठी पॅरासिटामॉलची गोळी 'एस. ओ. एस.' लिहिली आहे. ती ताप असेल तेव्हाच, सांगितलेल्या प्रमाणात घ्यायची असते. लवकर बरे वाटावे म्हणून कोणी ती पुन्हा पुन्हा घेतली, तर यकृताला गंभीर इजा होऊ शकते. शिवाय एकाच अक्षराचे दोन अर्थही होतात. 'ओ. डी.' म्हणजे दररोज एकदा. पण डोळ्यांच्या चिठ्ठीत त्याचा अर्थ 'उजवा डोळा' असा होतो.

हा धोका जगभर ओळखला गेला आहे. अमेरिकेत 'दररोज' आणि 'एक दिवसाआड' यांची लॅटिन अक्षरे एकमेकांसारखी दिसत. म्हणून तेथील रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या संस्थेने २००४ साली ती वापरू नयेत असे ठरवले. आपल्याकडे २०१६ साली तेव्हाच्या भारतीय वैद्यक परिषदेने नियम केला, की डॉक्टरांनी औषधांची मूळ नावे सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या लिपीत लिहावीत. आपल्याकडील अनेक डॉक्टर '१-०-१' असेही लिहितात. त्याचा अर्थ सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. हे कोणालाही समजते.

मित्रांनो, ही अक्षरे कळली म्हणजे आपण डॉक्टर झालो, असे मुळीच समजू नका. औषध कमीजास्त करण्याचा अधिकार आपल्याला नाही. अंदाजाने अर्थ लावून कोणालाही गोळी देऊ नका. आपले काम वेगळे आहे. दादी किंवा अब्बांबरोबर दवाखान्यात गेलात, तर तेथून निघण्यापूर्वीच विचारा, "डॉक्टरसाहेब, ही गोळी केव्हा, किती आणि किती दिवस घ्यायची?" मेडिकलवाल्याकडूनही खात्री करून घ्या. मग प्रत्येक पाकिटावर उर्दूत किंवा मराठीत स्वच्छ अक्षरांत लिहा. ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्यासाठी सकाळच्या गोळीवर सूर्य आणि रात्रीच्या गोळीवर चंद्र काढा. विचारण्यात कसलाही कमीपणा नाही. न विचारता घेतलेले औषध मात्र महागात पडू शकते.

शब्दार्थ
आद्याक्षर – शब्दाचे पहिले अक्षर
यकृत – जिगर
सुवाच्य – सहज वाचता येईल असे
जिवावर बेतणे – जिवाला धोका होणे

स्वाध्याय
१. चिठ्ठीवरची अक्षरे इंग्रजीच्या पुस्तकात का सापडत नाहीत?
२. 'ड्यूरा मेटर' या नावाचा अरबी भाषेशी काय संबंध आहे?
३. 'एस. ओ. एस.' लिहिलेली गोळी केव्हा घ्यावी?
४. घरातील एखाद्या वडीलधाऱ्या माणसाच्या औषधांचे वेळापत्रक त्यांना विचारून मराठीत तयार करा.